ताईच्या जागेवर बारकी

४ मार्च

चि. बारकीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्रास कारण की, तुझे भाऊजी न्हाणीघरात घसरून पडले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. घाबरू नकोस. ऑपरेशन नीट झालं, काल घरी आणलं. सहा आठवडे पलंग सोडायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. माणूस पलंगावर आहे, पण आवाज घरभर फिरतो. पाणी दे, उशी सरकव, रेडिओ लाव, रेडिओ बंद कर. तुला फोनच करणार होते, पण तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये हेडफोन लावून माझ्या कानांचं काय झालंय ते तू जाणतेसच. तू फोनवर "बरं" म्हणालीस की मला "मरं" ऐकू येतं. म्हणून पत्र.

खरं दुखणं पुढेच आहे. बारा तारखेला आमच्या क्रिस्टल मंडळाची सहल निघते आहे. तीस माणसं, एक बस, वीस दिवस. आधी मोठं संग्रहालय, मग क्रिस्टलचे पक्षी-प्राणी जिथे घडवतात तो कारखाना. अशी सहल सहा वर्षांनी ठरली आणि मी इथे भांडं आणि उशी करत बसणार. कार्यवाहबाई म्हणाल्या की जागा रिकामी ठेवता येत नाही, मात्र सभासदाच्या घरचं माणूस चालेल. तर तू जा.

यंदा कारखान्याने फक्त आमच्या मंडळासाठी खंड्या पक्षी घडवलाय. तीसच नग, माणशी एक, शेवटच्या दिवशी हातात देणार. माझ्या कपाटात एकेचाळीस नग आहेत, पण खंड्या नाही. तो जपून आण. उघड्या हाताने कशालाही शिवू नकोस, हातमोजे सोबत पाठवते. उगाच मतं देऊ नकोस. तुला हंस आणि बदक यातला फरक कळत नाही हे शक्यतो कुणाला कळू देऊ नकोस. चार नंबरची खिडकीची सीट माझी आहे. शेजारी घड्याळजी बसतील. घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे त्यांचं, फक्त पक्षी जमवतात, बोलणं अगदी मोजकं. कुठलाही नवा नग पाहिला की "ताई, तुम्हाला काय वाटतं" असं ते मला विचारतात. त्यांना माझा नमस्कार सांग.

कळावे. लोभ आहेच, खंड्या धड पोचला तर दुप्पट होईल.

तुझी,
ताई


७ मार्च

ती. ताईस कृ. सा. न. वि. वि.

भाऊजींचं वाचून जीव खालीवर झाला. त्यांना म्हणावं, मेव्हणीकडून सेवा करून घ्यायची संधी हुकली. मीच तिकडे येते आणि त्यांच्याजवळ राहते, तू सहलीला जा, असं लिहिणार होते. मग आठवलं की मागे तुझ्या आजारपणात मी चार दिवस स्वयंपाक केला होता, तेव्हा ते पाचव्या दिवशी हॉटेलात जेवायला गेले होते.

ताई, मी जाते, पण तुझ्यासाठी. बावन्न वर्षांच्या आयुष्यात मी काही जमवलं असेल तर लोकांच्या तोंडांचे साचे. रजा मागितली तेव्हा लॅबचे मालक म्हणाले की वीस दिवस गावातले म्हातारे काय हिरड्यांनी चावणार का. मी म्हटलं, चावू देत, मीही मऊच खाते. शेवटी कबूल झाले. सोळा कवळ्या पुऱ्या करून निघते आहे.

हातमोजे मिळाले. ते घातल्यावर मी थेट रेल्वेच्या बँडमधली दिसते. मतं देणार नाही. पाण्यात असलं की बदक आणि कपाटात असलं की हंस, एवढं पाठ केलंय.

लोभ असू दे, आणि भाऊजींनी फार छळलं तर त्यांचा रेडिओ माझ्याकडे पाठवून दे.

तुझी,
बारकी


१५ मार्च

ती. ताईस कृ. सा. न. वि. वि.

संग्रहालयाच्या गावी येऊन दोन दिवस झाले. कार्यक्रमपत्रिकेत हॉटेलांचे पत्ते आहेत, तिथे पत्र टाकलंस तर मला मिळेल.

तुझी माणसं मला आवडली. कार्यवाहबाई मुख्याध्यापिका होत्या हे कुणी सांगायलाच नको, बसमध्ये शिरताना आपसूक रांग लागते. एक निवृत्त बँकवाले आहेत, त्यांनी आपल्या क्रिस्टलच्या मांजरीचा फोटो पाकिटात नातवाच्या फोटोच्या वर ठेवलाय. तीस मोठी माणसं पांढरे हातमोजे घालून श्वास रोखून एका कपाटापुढे उभी असतात, आणि मला सारखं वाटतं की आता कुणीतरी म्हणणार, तोंड उघडा.

काल मात्र माझ्याकडून तुझी आज्ञा मोडली गेली. संग्रहालयात एक उधळलेला घोडा आहे, बराच जुना, स्वतंत्र खोलीत ठेवलाय. सगळे त्याच्याविषयी हळू आवाजात बोलत होते. मी पाहिलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं की याचा मागचा डावा पाय नंतर बसवलाय. कार्यवाहबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी वर्गाबाहेर जायच्याच तयारीत होते. पण घड्याळजींनी खिशातलं भिंग काढलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले की बरोबर आहे. संग्रहालयाच्या बाईंना बोलावलं. त्यांनी कागद काढले. पाय खरंच बदललेला होता, चाळीस वर्षांपूर्वी, आणि आजवर कुठल्याही पाहुण्याने तो ओळखला नव्हता. मला कसं कळलं ते सगळे विचारत होते. मी सांगितलं, दात बसवणाऱ्या बाईला जोड दिसतोच. बाकीचं कारण तुला माहीत आहे, ते मी बोलले नाही.

त्यानंतर जेवताना घड्याळजी माझ्याशी तासभर बोलले. हे माणूस मोजकं बोलतं असं तू कशावरून म्हणालीस? घुबडाच्या डोळ्याला किती पैलू असावेत यावर त्यांची ठाम मतं आहेत. आज प्रत्येक कपाटापुढे ते मला विचारतात, तुम्हाला काय वाटतं. मी आपलं वाटेल ते सांगते.

भाऊजी कसे आहेत? तू जेवतेस ना वेळेवर? लोभ ठेव, मी इथे तुझंच नाव राखते आहे.

तुझी,
बारकी


१८ मार्च

चि. बारकीस अ. उ. आ.

पत्र पोचलं. डॉक्टरांचं मत बदललं, ह्यांना परवापासूनच कठड्याला धरून दोन पावलं टाकायला सांगितलंय. टाकत नाहीत. मी ओरडते, ते ओरडतात, शेजारच्यांचं मनोरंजन होतं.

तो घोडा मी सहा वर्षांपूर्वीच पाहिलाय. पायाविषयी मलाही शंका आली होती, पण लोकांच्या घरी जाऊन त्यांच्या वस्तूंमधलं वैगुण्य दाखवू नये असं मला वाटलं. आपल्याला तसंच शिकवलंय. असो, तुझं कौतुक झालं हे ऐकून बरं वाटलं.

माझा नमस्कार घड्याळजींना सांगितलास का? तू त्यांच्याविषयी अर्धं पान लिहिलंस, पण त्यांनी माझी चौकशी केली की नाही याची एक ओळ नाही. केली नसेल तर तसं लिही, मला राग येणार नाही. आणि "वाटेल ते सांगते" म्हणजे काय? अकरा वर्षं मी रात्रंदिवस पुस्तकं वाचून, यादी करून, विचार करून त्यांना उत्तरं देत आले. वाटेल ते सांगण्याची माझी कधी हिंमत झाली नाही.

खिडकीच्या काचेला डोकं टेकून झोपू नकोस, तेलाचे डाग पडतात. ती सीट पुढच्या सहलीतही माझीच आहे.

लोभ आहे तेवढा आहे.

ताई


२२ मार्च

ती. ताईस कृ. सा. न. वि. वि.

घड्याळजींनी तुझी चौकशी पहिल्याच दिवशी केली, मीच लिहायची विसरले. चूक झाली. तुझ्या नोंदवहीइतकी नीट यादी मंडळात कुणाकडे नाही असं ते म्हणाले.

आम्ही कारखान्याच्या गावात आलोय. ताई, हे मला तुला नीट सांगायचंय. एक लांब खोली आहे, ओळीने चाकं फिरताहेत, चाकांवर सारखं पाणी ठिबकतंय. एक म्हातारे कारागीर आहेत, बेचाळीस वर्षं फक्त पैलू पाडतात. त्यांनी सगळ्यांना एकेक टाकाऊ तुकडा चाकाला लावून पाहायला दिला. बहुतेकांचा तडकला. माझा नाही तडकला. त्यांनी दुसरा दिला, मग तिसरा. मग त्यांनी माझी बोटं उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं की मी काय काम करते. मी म्हटलं कवळ्या. ते हसले नाहीत. म्हणाले, हा हात दाबत नाही, ऐकतो. आता रोज दुपारी बाकीचे खरेदीला जातात आणि मी त्यांच्या शेजारी चाकावर बसते. एकतीस वर्षं मी जे काम केलं ते लोकांनी रात्री पेल्यात काढून ठेवलं. पहिल्यांदाच कुणीतरी मी केलेली वस्तू उजेडात धरून पाहिली.

दुसरी बातमी. एकोणतीस तारखेला, निरोपाच्या सभेत, मी "जोड आणि दुरुस्ती" यावर अर्धा तास बोलावं असं कार्यवाहबाईंनी सांगितलंय. मी नको म्हटलं, पण सगळेच मागे लागले. मला मंडळात सभासदही करून घ्यायचं म्हणतात. तुला चालेल ना? आपण दोघी मिळून सहलीला येऊ शकू.

तुझ्या लोभावरच हे सगळं चाललंय.

तुझी,
बारकी


२५ मार्च

माननीय कार्यवाहबाईंस सप्रेम नमस्कार वि. वि.

सहल उत्तम चालली असेल. आपण सभासद नसलेल्या माझ्या बहिणीला सामावून घेतलंत याबद्दल आभार. मात्र एक गोष्ट आपल्या कानावर घालणं मी माझं कर्तव्य समजते.

माझी बहीण संग्राहक नाही. तिच्या घरी क्रिस्टलचा एकही नग नाही. निरोपाच्या सभेत ती भाषण करणार असल्याचं समजलं. गेली नऊ वर्षं मी "पक्ष्यांचे पैलू" या विषयावर बोलायची तयारी दाखवते आहे आणि दर वर्षी वेळेअभावी ते राहून जातं, हे आपणास ठाऊक आहेच. पण प्रश्न माझा नाही. आपण सर्वांनी माझ्याकडे पाहिलेल्या हरणाचं शिंग तीन वर्षांपूर्वी मोडलं होतं. ते माझ्या बहिणीच्या हातून मोडलं आणि तिने ते लपवलं. वस्तू तिच्या हातात टिकत नाहीत. अशा हातात मौल्यवान नग द्यावेत का, याचा विचार आपण करावा. माझा खंड्या कृपया तिच्याकडे देऊ नये, आपल्याजवळच ठेवावा.

हे पत्र आपल्यापुरतंच राहावं ही विनंती. मंडळाचा लोभ आहेच, तो राहावा.

आपली,
सभासद क्रमांक सात


३० मार्च

ती. ताईस नमस्कार.

परवा कार्यवाहबाईंनी मला बाजूला बोलावलं आणि निरोपाच्या सभेत वेळ कमी पडणार आहे असं सांगितलं. मी बरं म्हटलं. मग म्हणाल्या की कारखान्यात चाकावर बसणंही आता नको, मंडळावर जबाबदारी येते. मी तेही बरं म्हटलं. काल खंड्या पक्षी वाटले. नाव पुकारलं की एकेक जण पुढे जात होता. माझं नाव आलं नाही. मी हातमोजे घालून उभी होते, ताई. वाटप संपल्यावरही थोडा वेळ उभीच राहिले, कारण बसावं की उभं राहावं ते कळेना. घड्याळजींनी सगळ्यांसमोर कारण विचारलं. कार्यवाहबाई म्हणाल्या की हिच्या हातून नग मोडतात, ताईंच्या हरणाचं शिंगही हिनेच मोडलं, अशी घरच्याच माणसाची तक्रार आहे. त्यांच्या वहीतून पाकीट डोकावत होतं. पाकिटावरचं अक्षर मी लहानपणी गिरवून गिरवून शिकले आहे.

हरणाचं शिंग कुणी मोडलं ते तुला माहीत आहे. तू स्टुलावर चढून कपाट पुसत होतीस आणि तुझा तोल गेला. तू माझ्याकडे रडत आलीस. मी दोन रविवार बसून, दातांच्या मसाल्यात सात वेळा रंग जमवून ते शिंग बसवलं. तू म्हणालीस कुणाला सांगू नकोस, मी सांगितलं नाही. त्याच वर्षी घड्याळजींनी त्या शिंगाचं कौतुक केलं आणि तू मला मिठाईचा डबा पाठवलास. मला तेवढं पुरलं होतं.

मी काल तिथे खरं सांगू शकले असते. सांगितलं नाही. तुझ्यावरच्या मायेमुळे नव्हे. सगळे माझ्या हातांकडे बघत होते आणि मला बोलताच आलं नाही.

उद्या बस परत निघते. मी घरी गेल्यावर पत्र पाठवू नकोस.

बारकी


६ एप्रिल

चि. बारकीस,

पाठवू नकोस म्हणालीस तरी पाठवते आहे. आशीर्वाद द्यायचा मला अधिकार नाही म्हणून वर लिहिला नाही.

शिंग मी मोडलं. पत्र मी लिहिलं. मला तुझा हेवा वाटला. हा एक शब्द लिहायला मला तीन दिवस लागले. आधी "काळजी" लिहून पाहिलं, मग "गैरसमज" लिहून पाहिलं, दोन्ही कागद फाडले.

तुझं पत्र आलं की मी ते ओट्यापाशी उभ्याने वाचायची, आत हे हाका मारत असायचे. प्रत्येक पत्रात तू माझ्या खिडकीतून बाहेर बघत होतीस. एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं मी दोन माणसांची गाठ घालून द्यायची आणि बाजूला व्हायची. मला कुणी काही विचारत नसे. त्या मंडळात पहिल्यांदा कुणीतरी विचारलं की तुम्हाला काय वाटतं. तेवढंच माझं होतं. ते तुला पहिल्या आठवड्यात मिळालं, आणि तू ते किती सहज घेतलंस. तू वाईट वागली असतीस तर मला सोपं गेलं असतं. तू माझं नाव राखत होतीस, आणि मला ते सोसलं नाही.

हे सगळं ह्यांना सांगितलं. वाटलं होतं रागावतील. ते म्हणाले, मला पलंगावरून खाली उतरव. आणि स्वतःच्या पायांनी कठड्याला धरून कपाटापर्यंत आले, हरणाचं शिंग जवळून पाहिलं आणि विचारलं, एवढं काम तिने केलं आणि तू इतकी वर्षं गप्प बसलीस?

अठरा तारखेला मंडळाची बैठक आहे. मी तिथे जाऊन सांगणार आहे. माफ कर असं म्हणत नाही, ते तुझं तू ठरव.

ताई


१९ एप्रिल

चि. बारकीस,

काल बैठकीला गेले. हरीण शालीत गुंडाळून बरोबर नेलं होतं. मी उभी राहिले तेव्हा कार्यवाहबाईंना वाटलं की मी "पक्ष्यांचे पैलू" वर बोलणार. त्या हसून म्हणाल्या की आज भरपूर वेळ आहे. मी म्हटलं, दोन मिनिटं पुरतील.

शिंग कुणी मोडलं, कुणी बसवलं, पत्रात मी काय खोटं लिहिलं आणि का लिहिलं, सगळं सांगितलं. माझ्या कानांमुळे मी फार मोठ्याने बोलले असणार, कारण चहावालाही दारात थांबला. नंतर कुणी काही बोललं असेल तर मला ऐकू आलं नाही. घड्याळजींनी हरीण मागून घेतलं, भिंगातून पाहिलं, जोड सापडेना तेव्हा मला विचारलं कुठे आहे. मी बोट ठेवून दाखवला. त्यांनी हरीण परत दिलं आणि खुर्चीत जाऊन बसले. मला त्यांनी आणखी काही विचारलं नाही. पुढेही विचारतील असं वाटत नाही.

कार्यवाहबाईंनी तुला वेगळं पत्र लिहायचं कबूल केलंय. मी सभासदत्व सोडलं नाही. सोडलं असतं तर ते तोंड लपवणं झालं असतं. दर महिन्याला जाणार आणि शेवटच्या रांगेत बसणार.

हे आता काठी घेऊन चालतात. तुझ्या उत्तराची वाट बघते असं लिहिणार नाही, पण पोस्टमन येतो तेव्हा मी दारातच असते.

ताई


३ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

दीड महिना उत्तर दिलं नाही. मुद्दामच दिलं नाही. तू दारात उभी असशील हे मला माहीत होतं आणि उभी राहू दे असं वाटत होतं. आता तसं वाटत नाही, किंवा कमी वाटतं.

कार्यवाहबाईंचं पत्र आलं. घड्याळजींचंही आलं. सभासदत्वाचा अर्ज सोबत होता, मी तो भरला नाही. मला वस्तू जमवायच्या नाहीत हे मला तिथेच कळलं होतं.

आता जे लिहिणार आहे ते मी लॅबच्या मालकांनाही अजून सांगितलेलं नाही. कारखान्यातल्या म्हाताऱ्या कारागिरांचं पत्र आलंय. पुढच्या वर्षी ते काम सोडणार आहेत. त्याआधी एक वर्ष मी येऊन त्यांच्या हाताखाली शिकावं असं ते म्हणतात. राहायला कारखान्याच्या मागे एक खोली आहे. बावन्नाव्या वर्षी उमेदवारी करायची म्हणजे लोक हसतील, हसू देत. मी हो कळवलंय. वीस तारखेला निघते आहे.

हे वाचून तुला पुन्हा हेवा वाटणार, हे मला माहीत आहे. वाटू दे. तो काही आपण बोलावून येत नाही. मलाही लहानपणापासून तुझा वाटत आलाय, तुझ्या अक्षराचा, तुझ्या घराचा, भाऊजी भांडतात त्याचासुद्धा. मी कधी बोलले नाही एवढंच. पण या वेळी वाटला तर मला लिही. दुसऱ्या कुणाला नको.

भाऊजींना नमस्कार. माझा लोभ जागेवर आहे, थोडा दुखावलेला आहे, संभाळून घे.

तुझी,
बारकी


७ जून

चि. बारकीस अनेक उत्तम आशीर्वाद.

वाटला. पत्र वाचलं आणि सकाळभर कुणाशी बोलले नाही. ह्यांनी दोनदा चहा मागितला, दिला नाही. दुपारी स्वतःच उठून केला त्यांनी, पहिल्यांदाच. वाईट झाला होता, तरी आम्ही दोघांनी प्यायला.

आजही वाटतोय. उद्या थोडा कमी होईल, परवा पुन्हा वाढेल. तसतसं कळवत जाईन. तिकडचा पत्ता नीट अक्षरात पाठव.

वीस तारखेची गाडी किती वाजता सुटते? आम्ही दोघं स्टेशनवर येतो आहोत.

तुझी,
ताई